पोटमाळ्यावरच्या डब्यातले रुपये आणि एक पितळी बिल्ला

लालबागहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा:

"आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा सापडला. आजोबा मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते, डबा त्यांचाच. त्यात राणीच्या डोक्याचा १८६२ चा एक रुपया आहे. राजाच्या डोक्याचे सहा रुपये आहेत, त्यातला वाघाचं चित्र असलेला एक लोहचुंबकाला चिकटतो. मूठभर भोकाचे पैसे, 'श्री राजा शिव' लिहिलेली तीन जाड तांब्याची नाणी, रामदरबाराचं १८१८ सालचं एक पिवळं नाणं आणि ४१७ आकडा ठोकलेला, भोक असलेला एक पितळी बिल्ला, असा ऐवज आहे. चुलतभावाने फोटो नेटवर टाकले, तर एकाचा फोन आला. १८६२ च्या रुपयाचे पाच लाख देतो म्हणाला, पण आधी २,१०० रुपये नोंदणी फी भरा म्हणतो. रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेटही पाठवलंय. आई म्हणते, चिंचेने घासून लख्ख करू. यजमान म्हणतात, चांदी सराफाला देऊन टाकू. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो, माझ्याकडे पाठव, इकडे चांगला भाव येईल. कुणाचं ऐकू?"

ताई, सध्या तरी चौघांपैकी कुणाचंच ऐकू नका. सुरुवात फोनवाल्यापासून करते, कारण नाण्यांचं काम महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

त्या माणसाला एक पैसाही पाठवू नका. आज नोंदणी फी मागितली, उद्या जीएसटी मागेल, परवा कुरियरचा विमा. पाच लाखांच्या आशेपुढे प्रत्येक रक्कम किरकोळ वाटते आणि माणूस अडकत जातो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि तिने कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. म्हणजे तुम्हाला आलेलं सर्टिफिकेट खोटं आहे. खऱ्या गिऱ्हाइकाची पारख सोपी आहे. तो आधी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागतो, वजन विचारतो आणि मग घासाघीस करतो. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. चुलतभावाला ते फोटोही काढायला सांगा, नाहीतर असे आणखी फोन येत राहतील.

आता आईंचं. त्यांना सांगा, देवघरातली भांडी खुशाल घासा, पण डब्याला हात लावू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सोनाराकडचं पॉलिश, कशानेही घासलं तरी नाण्याचा वरचा थर निघून जातो. चांदीवर साठ-सत्तर वर्षांत चढलेली काळसर-निळसर झाक हा मळ नव्हे. संग्राहक तीच शोधत असतात, कारण नाण्याला कुणी छेडलेलं नाही याची ती खूण असते. घासलेलं नाणं भिंगाखाली धरलं की एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात आणि भाव तिथल्या तिथे पडतो. गेलेली झाक परत आणता येत नाही. फारच धूळ असेल तर केमिस्टकडे मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवा, बाहेर काढा आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसू नका, फक्त टिपा. तांब्याच्या नाण्यांवर हिरवी भुकटी सुटत असेल तर ती नाणी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. मुंबईच्या दमट हवेत ही भुकटी पसरते.

एवढं झालं की मग खरी मजा सुरू होते. लागणारं साहित्य थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, लोहचुंबक आणि वही.

राणीचा रुपया भिंगाखाली घ्या. १८६२ हे साल वाचून तुमच्या घरी सगळे हरखले असतील, साहजिक आहे. पण या नाण्याचं साल गोठलेलं आहे. १८६२ मध्ये व्हिक्टोरियाच्या नावाने नवे रुपये निघाले आणि पुढे १८७४ पर्यंत टांकसाळीतून जे रुपये बाहेर पडले त्यांच्यावरही १८६२ हेच साल राहिलं. त्यामुळे हा रुपया अमाप निघाला आणि आजही बाजारात भरपूर मिळतो. नाणं खरोखर कोणत्या वर्षी पाडलं हे कळण्यासाठी आपल्या मुंबईच्या टांकसाळीने त्यावर बारीक ठिपके टाकले. सालाच्या आकड्याखाली बघा. तिथे ठिपका नाही, एक आहे, चार आहेत की दहा? वरच्या फुलापाशीही ठिपका आहे का? यावरून वर्ष ठरतं आणि काही ठिपक्यांचे रुपये इतरांपेक्षा खूप दुर्मिळ आहेत. नुसत्या डोळ्यांना हे ठिपके मळाच्या कणांसारखे दिसतात, म्हणूनही घासायचं नाही. कागदावर नाण्याचं वर्तुळ काढा आणि ठिपके जिथे दिसतील तिथे पेन्सिलने टिंब द्या. मग राणीच्या झग्यावरची नक्षी आणि मागची वेलबुट्टी यांच्यातले फरक कॅटलॉगशी ताडून पाहा. एका नाण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि या छंदातलं मला सगळ्यात आवडतं काम तेच आहे.

नाणं अस्सल आहे ना, हेही बघावं लागेल, कारण या रुपयाच्या नकला पोत्याने मिळतात. अस्सल रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. वापरून झिजलेला असेल तर ११.४ किंवा ११.५ भरेल. साडेदहा भरला तर संशय घ्या. आणखी पक्की परीक्षा पाण्याने होते. काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा, मात्र तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असते, त्यामुळे उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर १.१३ च्या जवळपास आकडा दिसेल. तांबं-निकेलवर चांदीचा मुलामा दिलेली नक्कल असेल तर तोच आकडा १.३ पर्यंत चढतो आणि उत्तर नऊच्या खाली येतं. मग कड पाहा. साच्यात ओतून केलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ दिसते, सपाट जागेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा फोड असतात आणि अक्षरं मेणासारखी गुळगुळीत लागतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी त्यांचा पाया धारदार राहतो. खणखणीत आवाज ऐकायला नाणं फरशीवर आपटायची जुनी सवय आहे, ती सोडा. कडेला मार बसतो.

राजाचे सहा रुपये. वाघाचा जो चुंबकाला चिकटतो तो १९४७ चा असणार. त्याला बनावट समजू नका, तो निकेलचाच आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतं. उरलेल्यांची सालं तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. १९४० ते १९४५ मधल्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, कारण महायुद्धात चांदी अपुरी पडली. ते ओळखायला कड बघा, दात्यांच्या मधोमध खाच दिसेल. १९१८ ते १९२० चे रुपये पुष्कळ सापडतात. पहिल्या महायुद्धात इथे रुपयांची इतकी ओढ लागली की अमेरिकेने १९१८ मध्ये कायदा करून स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी विकली. साल १९११ असेल तर मात्र थांबा. त्या वर्षीच्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा ठसा केला. संग्राहक अजून त्याला 'पिग रुपी' म्हणतात आणि मागतात. १९३९ दिसलं तर आनंदाच्या आधी संशय घ्या. तो रुपया फार दुर्मिळ आहे, म्हणूनच १९३८ चा शेवटचा आकडा कोरून १९३९ करणारे लोक आहेत. भिंगाखाली त्या ९ ची जाडी बाजूच्या आकड्यांशी जुळवून पाहा.

राजाच्या रुपयांवर टांकसाळीची खूणही शोधा. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळापाशी बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. आजच्या नाण्यांवरही ही खूण असतेच. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. घरातल्या मुलांना पाकिटातली चिल्लर देऊन खुणा शोधायला लावा. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ पासूनची टांकसाळ उभी आहे. तिथे पाडलेलं नाणं हातात आहे हे कळलं की मुलं आपोआप भिंग मागतात.

भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ मधले. युद्धात तांबं वाचवायला मधला भाग काढून टाकला होता. इतके निघाले की किंमत फार नाही. नातवंडांना एकेक द्या.

तांब्याची तीन नाणी म्हणजे शिवराई. इथे मला जरा जपून बोलायला हवं, कारण हे नाणं हातात घेतलं की आपल्यापैकी प्रत्येकाचा ऊर भरून येतो. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास हे नाणं सुरू केलं, पण ते त्यांच्याबरोबर थांबलं नाही. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात आणि त्यानंतरही महाराजांचंच नाव घालून शिवराया पाडल्या गेल्या. बाजारात येणाऱ्या बहुसंख्य शिवराया अशा उत्तरकाळातल्या आहेत. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे नंतरची. वजनही बघा. सुरुवातीच्या शिवराया जड, अकरा ग्रॅमच्या पुढे, आणि नंतरच्या हलक्या होत गेल्या. अक्षरांचं वळण सगळ्यात बोलकं असतं. 'शिव' आहे की 'सिव' की 'सीव', वेलांटी कशी वळली आहे, हे एकेक टिपून घ्या. तुमच्या तिन्ही नाण्यांत तीन वेगळी वळणं निघाली तर नवल वाटायला नको. कुणी "ही महाराजांच्या हातची, लाख रुपये" म्हणाला तरी भुलू नका आणि "नंतरची आहे, टाकून द्या" म्हणाला तरी ऐकू नका. महाराजांच्या नंतर इतक्या पिढ्या लोक त्यांच्याच नावाच्या नाण्याने बाजारहाट करत राहिले, हेच मला फार मोठं वाटतं.

रामदरबाराचं १८१८ चं नाणं चलन नाही. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 'हाफ आना' असं काही असेल, तर असं नाणं कंपनीने कधीच काढलं नाही. कंपनीच्या मद्रासच्या होनांवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यांवर, देवांच्या आकृती होत्या हे खरं, पण त्यांचा या पिवळ्या नाण्याशी काही संबंध नाही. ही नाणी पूजेसाठी किंवा विकण्यासाठी नंतर बनवलेली आहेत. "हे तांदूळ ओढतं, यात दैवी शक्ती आहे" असं सांगून लाखो रुपयांना फसवणाऱ्या टोळ्या आहेत आणि भाबडी माणसं दागिने मोडून बसली आहेत. आजोबांनी ते श्रद्धेने ठेवलं असेल. देवघरात ठेवा.

यजमानांच्या सूचनेबद्दल. सराफ चांदीचा भाव देईल. बारा भागांत अकरा भाग चांदीच्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, निम्म्या चांदीच्या रुपयात ५.८ ग्रॅम. हा झाला तुमचा तळचा भाव, याच्या खाली कधीच उतरायचं नाही. त्याच्यावर किती मिळेल हे ठिपके, टांकसाळ आणि मुख्य म्हणजे नाण्याची अवस्था यावर ठरतं. राणीच्या केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसतात की गाल-कपाळ एक झालंय? एकाच सालाच्या दोन रुपयांत यामुळे कितीतरी पट फरक पडतो. नेटवर जे भाव दिसतात ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात. मुंबईत नाण्यांचे रीतसर लिलाव होतात. त्यांच्या निकालात कोणतं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं हे छापलेलं असतं, ते पाहा. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊन किमान तिघांना विचारा. व्यापारी विकतो त्यापेक्षा कमी भावात घेणार, त्याचं पोट त्यावर आहे, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. पण "ठेवून जा, उद्या सांगतो" याला नकार द्या. त्याआधी एखादा दिवस फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आणि काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघून या. अस्सल नाणी डोळ्यांखालून गेली की नकली नाणं आपोआप खटकायला लागतं.

भावाला मात्र ठाम नाही सांगा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. राणीचा रुपया, शिवराया आणि १९१८ चा असेल तर तोही यात आला. बॅगेत घालून नेतो म्हणाला तर विमानतळावर गुन्हा होईल. घरात वारशाने आलेली नाणी जवळ ठेवायला तुम्हाला काही अडचण नाही. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा वेगळा आहे, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत निघालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तुमच्या डब्याला तो लागत नाही, पण चाळीचा पाया खणताना काही निघालं तर लक्षात असू द्या.

ठेवायचं कसं? रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, दोन्हींमुळे चांदी काळवंडते. चिकट होणाऱ्या मऊ प्लास्टिकचे अल्बमही नकोत. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर स्वस्तात मिळतात, त्यात एकेक नाणं ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नाणं नेहमी कडेला धरा.

आणि आता तो बिल्ला. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे. माझ्या मते अख्ख्या डब्यात ती सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. असा दुसरा १८६२ चा रुपया तुम्हाला उद्या विकत मिळेल, ४१७ चा बिल्ला मिळणार नाही. कारखान्यांतून असे बिल्ले हजेरीला, पगाराच्या दिवशी ओळख पटवायला, हत्यारं घेताना किंवा कँटीनमध्ये चालायचे. त्यामुळे आधी हे ठरवायचं की तो कुणी दिला आणि कशासाठी. भिंगाखाली मिलचं नाव किंवा आद्याक्षरं आहेत का पाहा. खात्याचं नाव आहे का? काठाला बनवणाऱ्याचं नाव कधी कधी बारीक ठोकलेलं असतं. आकडा ठशाने एकेक ठोकलाय की बिल्ल्याबरोबरच उमटलाय? भोक किल्लीच्या जुडग्यात राहून लांबट झालंय का? पैशांत किंमत छापली असेल तर तो कँटीनचा असू शकतो, नुसता नंबर असेल तर माणसाचा. मग घरातली कागदपत्रं काढा. पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद, युनियनची पावती, १९८२ च्या संपानंतरची पत्रं. त्यावर आजोबांचा नंबर लिहिलेला असेल. तो ४१७ निघाला तर बिल्ला आणि कागद एकत्र ठेवा, कधीही वेगळे करू नका. गिरणगावचे बिल्ले जमवणारे आणि त्यावर लिहिणारे लोक आहेत, पण कागदाशिवाय बिल्ला म्हणजे नुसती पितळेची चकती.

हे काम रुपयांसारखं सवडीने करता येणार नाही. चाळ रिकामी होते आहे, म्हणजे आजोबांबरोबर साच्यावर उभे राहिलेले जे कुणी शेजारी उरले असतील ते कुणी मुलाकडे विरारला, कुणी गावाला जातील. या रविवारी बिल्ला घेऊन त्यांच्याकडे जा आणि हातात द्या. कोणत्या गेटवर दाखवायचे, कुठल्या पाळीला, हरवला तर काय व्हायचं, हे विचारा. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री नाव-तारखेसह वहीत उतरवा. मग बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो, वजन आणि रुपयाच्या सालाखालच्या ठिपक्यांचं ते पेन्सिलचं चित्र, एवढं मला पाठवा. ठिपक्यांवरून रुपयाचं खरं वर्ष मी कळवते.